तीन टापांची घोडी

काटा खोटं बोलत नाही, असं रेवा नेहमी म्हणायची. झाशी स्टेशनाच्या पार्सल ऑफिसात तिची सगळी नोकरी काट्यासमोर गेली होती. चंदेरी साड्यांचे गठ्ठे, बरुआसागरच्या आल्याच्या गोण्या, बदली झालेल्या फौजी साहेबांच्या मोटारसायकली. मालक वजन कमी सांगायचे आणि काटा खरं सांगायचा. नवस, कौल, अंगात येणं यातलं काहीच तिला पटत नसे. वजन करून दाखवा, मग बोलू, असं ती म्हणे आणि आईला त्याचा राग येई.

तिचा धाकटा भाऊ सुमेध पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर जॉकी होता. सुट्टीला आला की गाडीतून उतरून तो आधी तिच्या ऑफिसात शिरायचा, काट्यावर उभा राहायचा आणि म्हणायचा, "ताई, खरं सांग." ताई खरं सांगायची. दोन्ही भावंडं मग स्टेशनामागच्या रेल्वे कॉलनीत घरी जायची आणि शकुंतलाबाई लेकाच्या ताटात अर्धीच पोळी वाढायच्या, उरलेली अर्धी रडतरडत स्वतः खायच्या. भुसावळहून बदली होऊन आलेले कमलाकरराव, म्हणजे या मुलांचे वडील, आयुष्यभर मालगाडीचे गार्ड होते. त्यांच्या घरात घोडा फक्त बुद्धिबळाच्या पटावर होता. पण पोरगं मुळात चिमणीएवढं आणि हाताला विलक्षण हलकं. ते विश्वंभररावांनी हेरलं.

विश्वंभरराव म्हणजे झाशीतलं जुनं घराणं. त्यांचे पूर्वज पेशव्यांच्या काळात कारकुनी करायला इथे आले आणि इथलेच झाले. आता दोन हॉटेलं, रस्त्यांची कंत्राटं आणि मराठी मंडळाचं अध्यक्षपद. पुण्यात त्यांनी शर्यतीचे घोडेही ठेवले होते. सुमेधला त्यांनीच तिकडे नेलं, हे उपकार ते विसरू देत नसत.

आणि बेतवाही त्यांचीच. ही काळपट तपकिरी, डाव्या कानाचं टोक फाटलेली शिंगरी लिलावात उभी राहिली तेव्हा बोली लावायला कुणी पुढे येईना, कारण तिच्या मानेवर गोम होती. केसांची उलटी फिरलेली ती रेघ म्हणजे मालकाचा घात, असं जुने लोक मानतात. विश्वंभररावांनी ती स्वस्तात उचलली आणि आपल्या नदीचं नाव दिलं. पहिल्या शर्यतीत ती सगळ्यात शेवटी आली, कारण धावता धावता ती प्रेक्षकांकडे बघत होती. दुसऱ्या शर्यतीपासून सुमेध तिच्या पाठीवर बसला. तो तिला बेतू म्हणे, डाव्या खिशात तिच्यासाठी गूळ ठेवी आणि तिला शीळ घालून बोलावी, दोन आखूड आणि एक लांब. लहानपणी गल्लीत रेवाला खेळायला बोलावण्याची ती शीळ होती.

मग बेतवा हरायचंच विसरली. पुण्याचा पावसाळी हंगाम, मुंबईचा हिवाळा, एकामागून एक ट्रॉफ्या. वळणापर्यंत ती चौथी-पाचवी राही आणि वळण संपलं की बाकीच्या घोड्या जागच्या जागी पळतायत असं वाटे. वर्तमानपत्रात प्रत्येक वेळी एकच फोटो यायचा. विश्वंभरराव स्वतः लगाम धरून जिंकलेल्या घोडीला आत आणताहेत, तिचं नाक त्यांच्या खांद्यावर आणि वर चिखलानं माखलेला सुमेध. मालकानं लगाम धरायचा, ही तिथली रीत. जॉकीची रीत वेगळी. त्यानं खाली उतरायचं, स्वतःच्या हातानं तंग सोडायचा, खोगीर हातावर घ्यायचं आणि थेट काट्यावर जायचं. वाटेत कुणाशी बोलायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. निघताना जेवढं वजन होतं तेवढंच परत भरलं, तर शर्यत खरी. "समोर आई आली ना ताई, तरी काट्याआधी तिला हात लावायचा नाही," असं सुमेध सांगायचा.

चार वर्षांपूर्वीच्या शेवटच्या शर्यतीनंतर सुमेध काट्यावर पोचला नाही. त्या सकाळी त्याचा फोन आला होता. बेतूचा उजवा पुढचा पाय आठवडाभर दुखत होता आणि आज अचानक तिला तो पाय जाणवतच नव्हता. सुई देऊन बधिर केला होता. साहेबांना सांगितलं, तर साहेब म्हणाले, चालव. दुपारी रेवा आणि आई फोनवर शर्यत बघत होत्या. वळणावर घोडीचा पाय कांडं मोडावं तसा मोडला आणि सुमेध तिच्याखाली गेला. मग हिरवी ताडपत्री धरली गेली. ताडपत्रीआडून एक आवाज आला आणि घोडी संपली. सुमेध त्याआधीच संपला होता.

चौकशीत विश्वंभररावांनी सांगितलं की मुलगा मला काहीच बोलला नाही. हावरेपणानं वळणाच्या आतल्या कडेनं घोडी पुढे काढायला गेला आणि माझी लाखमोलाची घोडी मारली. रेवा फोनचं सांगत राहिली, पण फोनवरचं बोलणं कोण मोजणार? सुमेधच्या नावापुढे निष्काळजी हा शब्द कायमचा लागला. रेवाला त्या दिवसापासून सूड हवा होता, आणि तो कसला हेही तिला नेमकं ठाऊक होतं. त्या माणसानं स्वतःच्या तोंडानं, चारचौघांत, मोठ्यानं सांगायला हवं होतं की मला सांगितलं होतं. त्याहून कमी काही तिला चालणार नव्हतं. रोज अंघोळ करताना, डबा भरताना, गोण्या मोजताना ती तेच मागत असे, आणि कुणाकडे मागतोय हे मात्र तिला सांगता आलं नसतं.

मार्गशीर्षात एका सकाळी विश्वंभरराव अक्षता घेऊन घरी आले. सुमेधच्या फोटोखालच्याच खुर्चीवर बसले. मुलाचं, नचिकेतचं लग्न ठरलं होतं. "झालं गेलं गंगेला मिळालं, वहिनी," ते शकुंतलाबाईंना म्हणाले. ज्याचं गेलेलं नसतं त्याला गंगा नेहमी जवळ वाटते.

मग ते मूळ कामाकडे वळले. झाशीतली मराठी लग्नं आता निम्मी बुंदेली झाली आहेत. नवरा घोडीवर बसतो आणि निघण्याआधी त्याची बहीण घोडीला भिजवलेली चण्याची डाळ चारते. नचिकेतला बहीण नव्हती. पण शाळेत असताना तो रेवाकडे गणित शिकायला यायचा आणि तिला दीदी म्हणायचा. तेव्हा डाळ तिनं चारावी. मंडळाची निवडणूक तोंडावर आली होती, आणि जॉकीच्या बहिणीनं सगळ्या समाजादेखत आपल्या घोडीला डाळ चारली तर चार वर्षांची कुजबुज मिटेल, हा हिशेब कुणालाही कळण्यासारखा होता. रेवा तोंड उघडणार एवढ्यात आई म्हणाली, "येईल ती."

ते गेल्यावर रेवा आईवर चिडली. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ती बोलताना माणसाच्या थोडं बाजूला बघायची. "बोलावल्याशिवाय कुणी येत नाही गं," ती शांतपणे म्हणाली. "त्यानं आपल्या तोंडानं बोलावलंय." रेवाला वाटलं, आई आमंत्रणाबद्दल बोलतेय.

चार-पाच दिवसांनी जयसिंग पार्सल ऑफिसात आला. बरुआसागरला तळ्याकाठी राहणारा हा माणूस लग्नाला घोड्या भाड्यानं देतो. मुरादाबादहून त्याची पितळी घुंगरं आली होती. बोलका माणूस, पण त्या दिवशी त्याला बोलवत नव्हतं. खोदून विचारल्यावर म्हणाला, एक घोडी आपणहून आलीय. दसऱ्यानंतर एका सकाळी ती पाण्यात गुडघाभर उभी होती. अशी उंच, असली जातिवंत की आसपासच्या गावांत कुणाकडे असणं शक्य नाही. चिरगावपर्यंत विचारून आला, मालक सापडला नाही. विश्वंभरजींच्या माणसानं बघितली आणि हीच हवी म्हणून ठरवून टाकली. पण जयसिंगचं मन घेत नव्हतं.

"दीदी, जा कछू खातइ नइयाँ," तो आवाज खाली करून म्हणाला. "औ गारे में निसान देखो, तो तीनइ पाँव के परत हैं."

घोडी काही खातच नाही आणि चिखलात तीनच पायांचे ठसे, असं तो म्हणत होता. रेवाला हसू आलं. चौथा पाय कोरड्यावर पडत असेल, असं सांगून तिनं त्याची पावती फाडली. तरी रविवारी ती बरुआसागरच्या बसमध्ये बसली. फक्त शंका फेडायला, असं तिनं स्वतःला बजावलं.

तळ्याच्या बांधावर उन्हं पडली होती. पलीकडे किल्ला, अलीकडे आल्याचे वाफे. घोडी झाडाखाली मोकळीच उभी होती आणि जयसिंगच्या बाकीच्या घोड्या, दोऱ्या ताणून, तिच्यापासून जेवढं लांब जाता येईल तेवढ्या लांब गेल्या होत्या. रेवा थांबली. मग का ते तिला कळलं नाही, पण तिनं शीळ घातली. दोन आखूड, एक लांब.

घोडीनं मान वळवली आणि ती चालत आली. बांधावरच्या दगडी फरशीवर टापा वाजल्या. एक, दोन, तीन, आणि चौथीच्या जागी काहीच नाही. पुन्हा एक, दोन, तीन आणि रिकामी जागा. घोडी लंगडत नव्हती. चारही पाय जमिनीला टेकत होते.

मानेवर गोम होती. अशा गोमा पुष्कळ घोड्यांना असतात, रेवानं मनात म्हटलं. डाव्या कानाचं टोक फाटलेलं होतं. तेही असू शकतं. घोडीनं नाक पुढे केलं आणि रेवाच्या डाव्या कमरेपाशी, जिथे साडीला खिसा नसतो, तिथे हुंगत राहिली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. म्हण करणाऱ्यानं ही घोडी बघितली नव्हती.

तिच्या अंगावर माश्या बसत होत्या आणि बसल्या जागची कातडी थरथरत होती. उजव्या पुढच्या पायावर मात्र माश्यांचा काळा थर होता आणि तो पाय हलत नव्हता. रेवानं माश्या हाकलून पायाला हात लावला. दुपारचं ऊन असूनही पाय विहिरीच्या तळाच्या दगडासारखा गार होता. मागे, पाण्याकाठच्या चिखलात, ती जिथून चालत आली होती तिथे तीन-तीन ठसे होते. रेवानं वाकून ते दोनदा मोजले. मोजायची सवय अशा वेळी काही कामाची नसते.

तिला भीती वाटायला हवी होती. पण चार वर्षं आत कोंडलेलं एवढं वर आलं की भीतीला जागाच उरली नाही. तिनं घोडीच्या फाटक्या कानाशी तोंड नेलं. "त्याच्या तोंडून वदव," ती म्हणाली. "आणि त्यानं आमचं जे घेतलं, ते आम्हाला परत आणून दे."

घोडीनं कान हलवला, एवढंच. परतीच्या बसमध्ये रेवाला आपल्या हाताला गुळाचा वास येत राहिला.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं, म्हणून वरात उन्हातच निघाली. विश्वंभररावांच्या घरापुढे बँड, फेटे, मंडळाचे सगळे पदाधिकारी. नचिकेत शेरवानीत घामाघूम झाला होता. गुबगुबीत, गोड स्वभावाचा मुलगा. दिल्लीला नोकरी करायचा आणि मराठी बोलताना शब्द शोधायचा. त्यानं रेवाला वाकून नमस्कार केला. "दीदी, मला लय डर वाटते," तो हळूच म्हणाला. "मी तो कभी घोडीवर बसलोच नाय. इतना वजन घेऊन ती गिरेल ना?" रेवानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. एक क्षण तिला वाटलं की सांगावं, बसू नकोस. मग तिला विश्वंभरराव दिसले, फोटोवाल्याला कुठे उभं राहायचं ते दाखवत होते. तिनं त्याच्या पाठीवरचा हात काढून घेतला.

घोडीचं तोंड मोत्यांच्या झालरीनं झाकलेलं होतं. फक्त डोळे दिसत होते. रेवानं ताटलीतली डाळ तळहातावर घेतली आणि जयसिंग मागून कुजबुजला की खाणार नाही, नुसता हात लावून घ्या. घोडीनं सगळी डाळ खाल्ली. हात चाटून पुसून कोरडा केला. बायकांनी कौतुक केलं आणि जयसिंग दोन पावलं मागे सरकला.

मग विश्वंभररावांनी लगाम मागितला. नवरदेवाची घोडी धरायचं काम घोडीवाल्याचं. पण ते हसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्या घोडीला मीच आत आणतो. सवय आहे." लोक हसले. फोटोवाला पुढे आला. घोडीनं मान खाली घातली आणि नाक त्यांच्या खांद्यावर ठेवलं, अगदी त्या जुन्या फोटोंतल्यासारखं. विश्वंभरराव खूश झाले. रेवा बघत होती म्हणून तिला दिसलं की थोड्या वेळानं ते हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी खांद्यावरून त्या नाकाकडे, मग झालरीआडच्या फाटक्या कानाकडे पाहिलं. बँड सुरू झाला आणि वरात चालायला लागली.

माणिक चौकात गर्दी होती. धूळ बसावी म्हणून कुणीतरी रस्त्यावर पाणी मारलं होतं. दाण्याच्या, मसाल्याच्या, कापडाच्या दुकानांपुढून वरात सरकत होती. चौकाच्या मध्ये बँडनं गाणं संपवलं आणि दुसरं सुरू व्हायच्या आधीच्या शांततेत टापा ऐकू आल्या.

एक, दोन, तीन.

विश्वंभरराव थांबले. त्यांनी मागे वळून ओल्या रस्त्याकडे पाहिलं. त्यांच्या चपलांचे ठसे होते, जयसिंगच्या अनवाणी पायांचे होते. घोडीचे तीन-तीन होते.

ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना घाम फोडला त्यांच्या कपाळावर घाम आला. "नचिकेत," ते म्हणाले, "खाली उतर." नचिकेत वरून हसला. त्याला वाटलं, आलं कार्यालय.

तेवढ्यात एका दुकानदारानं शटर ओढलं. लोखंड धाडकन आपटलं. रेसकोर्सवर शर्यत सुटताना घोड्यांपुढच्या फाटकाचा आवाज असाच असतो.

घोडी सुटली.

लगाम विश्वंभररावांच्या तळहाताची साल काढत गेला. माणसं दोन्ही बाजूंना फेकल्यासारखी बाजूला झाली. नचिकेतनं दोन्ही हातांनी तिची मान पकडली होती. घोडीनं चौकाला एक पूर्ण फेरी मारली. माणसांच्या, हातगाड्यांच्या मधून, कुणालाही न शिवता. आणि दुसऱ्या फेरीला ती वेग वाढवू लागली.

विश्वंभरराव तिच्यामागे धावत होते. फेटा सुटून मागे लोळत होता.

"उडी मार. नचिकेत, उडी मार. पाय बधिर केलाय तिचा, वळणावर मोडेल!"

लोकांना काही कळेना. घोडी तर वाऱ्यासारखी पळत होती.

रेवाला कळलं. तिच्या जिभेच्या टोकाशी शीळ आली होती. दोन आखूड, एक लांब, आणि घोडी थांबली असती. वर बसलेल्या मुलानं तिच्याकडे पाढे पाठ केले होते. त्याचा काही गुन्हा नव्हता. सुमेधचाही नव्हता. रेवानं ओठ घट्ट मिटले. अजून एक वाक्य राहिलंय, तिनं मनात म्हटलं. तेवढं बोलू दे याला.

विश्वंभरराव रस्त्याच्या मधोमध गुडघ्यांवर बसले.

"मीच सुई द्यायला लावली," ते सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं ओरडले. "सुमेधनं मला सांगितलं होतं. तो नको म्हणत होता. मीच म्हटलं चालव."

ते मराठीत ओरडले होते. पण वरातीत सगळं मंडळ होतं, आणि निम्म्यांचे फोन चित्रीकरण करत होते. आता हे पुसता येणार नव्हतं. रेवाच्या अंगातून काहीतरी गोड, गरम सरसरत गेलं. चार वर्षांत पहिल्यांदा तिला पोटभर श्वास घेता आला. आणि मग तिनं शीळ घातली.

उशीर झाला होता. घोडी चौकाच्या कोपऱ्यावरच्या अरुंद गल्लीत वळली होती. टापा ऐकू आल्या, एक, दोन, तीन, आणि मग, त्या सगळ्या वेळात पहिल्यांदाच, चौथी.

पुढे काही ऐकू आलं नाही.

मग गल्लीच्या आतून शिळेला उत्तर आलं. दोन आखूड, एक लांब.

सगळ्यात आधी जयसिंग धावला. तो गल्लीच्या तोंडाशी पोचला आणि बाजूला सरकला. आतून नचिकेत चालत येत होता. त्याला खरचटलंही नव्हतं. घोडीवरचं जरीचं जड खोगीर त्यानं डाव्या हातावर घेतलं होतं, तंग नीट गुंडाळून. गल्ली पुढे बंद होती. घोडी तिथे नव्हती.

"बेटा," म्हणत विश्वंभरराव हात पसरून पुढे झाले. नचिकेतनं अंग चोरलं आणि त्यांना न शिवता पुढे गेला. मित्रांना टाळलं. रडणाऱ्या आईला टाळलं. कुणाकडे बघितलं नाही, कुणाशी बोलला नाही. त्या स्थूल मुलाची चाल आता हलकी होती, पाय किंचित फाकलेले, टाचा जेमतेम टेकणाऱ्या. दाण्याच्या दुकानापुढे गोण्या तोलायचा मोठा काटा होता. तो खोगिरासकट त्यावर चढला आणि ताठ उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला, "खरं सांग."

रेवा पुढे झाली. तिला जावंच लागलं. काट्याच्या डब्यावर लाल आकडे थरथरले आणि स्थिर झाले.

चोपन्न.

नचिकेत शेरवानी नसतानाही नव्वदच्या वर भरला असता. खोगीरच दहा-बारा किलोचं होतं. रेवानं दुकानदाराला त्याला उतरवून गोणी ठेवायला सांगितलं. पन्नासची गोणी पन्नास भरली. तो पुन्हा चढला. चोपन्न. त्या शेवटच्या शर्यतीला निघताना सुमेधनं खोगिरासकट एवढंच वजन दिलं होतं.

"चोपन्न," रेवा म्हणाली.

त्यानं सुटकेचा श्वास सोडला, खोगीर खाली ठेवलं आणि काट्यावरून उतरला. आता विश्वंभररावांनी त्याचे दोन्ही दंड धरले. ते त्याच्या तोंडाकडे बघत त्याचं नाव पुन्हा पुन्हा घेत होते. तो ऐकून घेत होता, नजर खाली, जशी नोकर माणसं ठेवतात.

"साहेब," तो स्वच्छ मराठीत म्हणाला, "तुम्हाला मी सकाळीच सांगितलं होतं."

त्यानं त्यांचे हात हळूच सोडवले आणि रेवाच्या मागे चालू लागला. मुहूर्त टळला. बँडवाल्यांनी वाद्यं गुंडाळली. कुणीतरी डॉक्टरला फोन करत होतं. रेवाला मागे वळून बघायचं धाडस झालं नाही. आपण जे मागितलं ते नीट मोजून मागितलं नव्हतं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं, आणि त्याहून वाईट हे की तिला आनंद होत होता. स्टेशनच्या रस्त्यापर्यंत, कॉलनीच्या फाटकापर्यंत, मागून येणारी हलकी पावलं तिनं ऐकली.

शकुंतलाबाई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या. दाराशी पावलं वाजली तशी त्यांनी मान वर केली आणि नेहमीसारखं थोडं बाजूला, रेवाच्या खांद्यामागे पाहिलं. एक पोळी घेतली आणि मधोमध मोडली.

"अर्धीच वाढ त्याला," त्या रेवाला म्हणाल्या. "जास्त दिलीस तर रागावतो."